खाडीपलीकडची हाळी

"आधी काढा घे, मग काय ते खुणेनं सांग," जया म्हणाली.

सरूआत्यानं वाटी हातात घेतली आणि नाक मुरडलं. खुणेनंच सांगणं भाग होतं, कारण तिचा घसा चार दिवसांपासून पार बसला होता. सरूबाई ही जयाच्या बाबांची आत्या, त्यामुळे सगळी भावंडंही तिला आत्याच म्हणत. वेसाव्याच्या कोळीवाड्यात दुसऱ्या कुणाचा घसा बसला असता तर शेजाऱ्यांना बरंच वाटलं असतं, इतके तिथे आवाज मोठे. पण सरूबाईची गोष्ट वेगळी होती. धुकं पडलं की खाडीच्या तोंडाशी असलेल्या दगडावर उभं राहून तीच हाळी द्यायची. "होऽऽ ये होऽऽ!" समुद्रावरून परतणाऱ्या होड्या मशीन बंद करून कान देत. हाळी उजव्या हाताला ठेवायची आणि सरळ आत यायचं. डाव्या हाताला मढचे खडक होते, पाण्याखाली दडलेले. तिकडे गेलेल्या होडीची फळी शाबूत राहत नसे. पंचवीस वर्षं होड्या त्या एका आवाजावर घरी येत होत्या.

१९७० सालच्या नाताळच्या सुट्टीतली ती सकाळ. साडेसहा झाले होते आणि बाहेर दाट धुकं होतं. जयाची आई सगुणा मासळीची पाटी घेऊन अंधेरीच्या बाजारात गेली होती. बाबा, म्हणजे तुळशीदास, कालच होडी घेऊन समुद्रावर गेले होते. ते उद्या सकाळच्या भरतीला परतणार होते.

"होऽऽ ये होऽऽ!"

जयाच्या हातातला चमचा खाली पडला.

हाळी खाडीच्या पलीकडून आली होती, मढच्या बाजूनं. आणि आवाज सरूआत्याचा होता. तोच शेवटी किंचित चिरकणारा सूर, तोच मधला दम. सरूआत्या मात्र जयाच्या समोर घोंगडीत बसली होती आणि तिचे ओठ मिटलेले होते!

पुन्हा हाळी आली. मग कुठूनसा एक कोंबडा अर्धवट आरवला आणि गप्प झाला. मग तिसरी हाळी.

सरूआत्यानं जयाचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. फुसफुसत, मोठ्या कष्टानं ती म्हणाली, "मना कोन बोलवतंय गो? माझ्याच आवाजान?"

जयानं घोंगडी तिच्या खांद्यावर ओढली आणि दाराची कडी लावली.

तासाभरानं धुकं विरलं तेव्हा बंदरावर ही गर्दी जमली. रामनाथकाकांची होडी कशीबशी आत आली होती आणि तिच्या कुशीला हातभर चीर पडली होती. दोन माणसं सारखी पाणी उपसत होती. रामनाथकाका म्हणजे कोळीवाड्यातला सगळ्यात जुना तांडेल, होडीचा कप्तान. लहान मुलांशी ते फक्त ओरडण्यापुरतं बोलत. आज त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"सरूबायची हाळी उजव्या हाताला ठेवली आन् आत घेतली," ते सांगत होते. "खडक लागला तवा कळलं, हाळी मढवरशी येते. भरती होती म्हनून वाचलो."

"सरूबाई तर अंथरुणात आहे," कुणीतरी म्हणालं.

मग एक म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली की समुद्रात बुडालेली माणसं अशीच ओळखीच्या आवाजात हाका मारतात. म्हणूनच तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नसते. बायांनी पदर तोंडावर घेतले.

जया भुतामुळे घाबरली नव्हती असं नाही. भुताला ती चांगलीच घाबरली होती. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. उद्या सकाळी याच वेळेला बाबा याच धुक्यातून येणार होते, आणि बाबा सरूआत्याच्या आवाजावर डोळे मिटून विश्वास ठेवत.

"आमच्या विक्रोळीक असली भुतां नाय," अनंत म्हणाला. "आमच्याकडे फक्त कंपनीचो भोंगो."

अनंत विक्रोळीचा, मूळ घर मालवणकडचं. त्याचे वडील तिथल्या कारखान्यात होते, आणि सुट्टीत तो वेसाव्याला मावशीकडे राहायला आला होता. वय तेरा, उंची ताडमाड, आणि बढाया त्याहून उंच. तो, जया आणि जयाचा दहा वर्षांचा भाऊ लवू असे तिघं वाळत घातलेल्या बोंबलांच्या आडोशाला बसले होते.

"मग जा ना रात्री एकटा त्या खडकावर," लवू म्हणाला.

"माका पोहता येत नाय, नायतर गेलो असतो."

"गप्प बसा रे दोघं," जया म्हणाली. "लवू, तू सकाळची हाळी ऐकलीस का?"

"ऐकली. आणि कोंबडाही ऐकला." लवू जवळ सरकला. "तायडे, तुला सांगू? तो रामनाथकाकांचा कोंबडा होता. तोच, ज्याचा आवाज मध्येच फाटायचा. शपथ."

"मग त्यात काय झालं?" अनंतनं विचारलं.

"रविवारी त्यांनी तो कापला. मी स्वतः तंगडी खाल्लीय."

तिघांचेही चेहरे पाहण्यासारखे झाले. मेलेली माणसं हाका मारतात हे एकवेळ समजू शकतं, पण खाल्लेला कोंबडा आरवतो म्हणजे काय? अनंतनं नकळत लवूच्या पोटाकडे पाहिलं.

जया मात्र विचारात पडली. घरी ट्रान्झिस्टर आल्यापासून ती विविध भारतीवरच्या जाहिराती ऐकत आली होती. तेलाची, साबणाची, खोकल्याच्या औषधाची, सगळ्या तिला पाठ होत्या. तोंडपाठ होण्याचं कारण सोपं होतं. रेडिओवरची बाई रोज त्याच शब्दावर हसायची, त्याच जागी श्वास घ्यायची. कालच्या हसण्यात आणि आजच्या हसण्यात केसाचाही फरक नसायचा. खरा माणूस असं दोनदा हसू शकत नाही.

"दुसऱ्या हाळीनंतर कोंबडा, मग तिसरी हाळी," ती हळूहळू म्हणाली. "रामनाथकाकांना विचारू या, त्यांनीही तसंच ऐकलं का."

रामनाथकाका आधी ओरडलेच. पण मग आठवून म्हणाले की हो, कोंबडा होता, चार-पाच वेळा ऐकला, दर वेळी दुसऱ्या हाळीच्या मागून.

"म्हणजे तो आवाज कुणीतरी भरून ठेवलाय," जया म्हणाली. "कोंबडा जिवंत असताना. आणि आता तो पुन्हा पुन्हा वाजवतंय."

"कोण? आणि कशाला?" अनंतचा मालवणी रुबाब एकदम उतरला. उलट भुतापेक्षा हे जास्त भयंकर वाटत होतं. होड्या खडकावर आदळाव्यात असं कुणाला तरी वाटत असेल तर?

दुपारी खाडीपार ने-आण करणाऱ्या धर्मामामाच्या तरीतून तिघं मढला उतरले. धर्मामामा तरीचा जुना नावाडी. त्यानं "काळोख व्हायच्या आत परत या रे" एवढंच बजावलं.

खडकांवर पोचले तेव्हा ओहोटी लागली होती. सगळ्यात पुढच्या खडकावर ताज्या सिगारेटची थोटकं पडली होती आणि एका फटीत काळी वायर अडकली होती. वायर वर गेली होती, नारळीच्या झाडांतून थेट एका एकाकी बंगल्याकडे. बंगल्याच्या खिडक्या गोधड्यांनी झाकलेल्या होत्या.

ते वाकून खिडकीखाली जाऊन बसले, आणि त्याच क्षणी आत वीज कडाडली.

खोटं नाही, बाहेर लख्ख ऊन होतं! आणि आत गडगडाट, लाटांचा आपटण्याचा आवाज, कडकड मोडणारी लाकडं. मग एक बाई कुठेतरी लांबून आकांतानं हाक मारू लागली, आणि ती हाक सरूआत्याची होती. लवूनं जयाच्या फ्रॉकमध्ये तोंड खुपसलं. डोळ्यांपुढे तिला बाबांची होडी दिसली, दुभंगलेली, उलटी झालेली. इतकी स्पष्ट की तिला रडूच फुटलं.

मग सगळं थांबलं. एक पुरुषाचा आवाज आला, मऊ, दमदार, ऐकताच पाठीवर हात फिरल्यासारखं वाटावं असा. "अंधाराला घाबरू नका. चंद्रतारा टॉर्च आहे ना! चंद्रतारा... चंद्रतारा... चंद्रतारा."

"अरे देवा," अनंत पुटपुटला, "जाहिरात!"

आणि ते त्यानं नको तितक्या मोठ्यानं म्हटलं. दार उघडलं. एका धिप्पाड माणसानं तिघांनाही मानगूट धरून आत नेलं.

आत गेल्यावर मात्र पोरांची भीती क्षणभर पळाली, कारण समोरचं दृश्यच तसं होतं. छताला पत्र्याचा मोठा तुकडा टांगला होता. तो हलवला की गडगडाट. घंगाळात भिजवलेलं लुगडं. ते आपटलं की लाटा. जमिनीवर मोडलेल्या बांबूच्या टोपल्यांचा ढीग, म्हणजे फुटलेली होडी. टेबलावर गोल फितींचं टेपरेकॉर्डर फिरत होतं. धिप्पाड माणूस होता खंडू, मदतनीस. आणि मऊ आवाजाचा धनी होता एक किडकिडीत, चष्मेवाला गृहस्थ.

"मी चंद्रप्रकाश," तो म्हणाला. "रेडिओच्या जाहिराती करतो. कशी वाटली? खरं सांगा, घाबरलात ना?"

"हो," जया रागानं म्हणाली. अजून तिचे गाल ओले होते.

"झकास!" चंद्रप्रकाश खूश झाला. रागावलेल्या मुलीच्या गालांवरचं पाणी पाहून खूश होणारा माणूस जयानं पहिल्यांदाच पाहिला. "बघ पोरी, ऐकणाऱ्याला मी काही दाखवू शकत नाही. म्हणून आवाजानं त्याच्या डोक्यात चित्र काढायचं. पत्रा हलवला की ऐकणारा स्वतःच ढग आणतो, आणि त्याच्या मनातले ढग माझ्यापेक्षा काळे असतात. आधी भीती. मग थोडी शांतता. मग धीर देणारा आवाज. आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो तेवढ्यात वस्तूचं नाव, तीनदा. ते नाव त्याच्या मनात धीर म्हणून शिरतं. दुकानात गेला की आपोआप तेच मागतो."

"आणि आमच्या आत्याची हाळी?"

"ती गेल्या आठवड्यात भरली, होड्यांच्या मागे लपून. आधी एका नटीकडून करून घेतली होती. दहा वेळा करूनही खोटी वाटली. त्या बाईच्या हाळीत खरी काळजी आहे. सांगितलं असतं तर तिनं पदर सावरून, आवाज लावून दिली असती."

"पण ती खडकावर का वाजवता?"

"पाण्यावरून लांबून आल्यासारखी हवी ना! खडकावर कर्णा ठेवतो, मी इथे किनाऱ्यावर माईक धरतो. पहाटेची शांतता आणि धुकं, त्यात आवाज काय घुमतो म्हणून सांगू."

जयानं त्याला सगळं सांगितलं. रामनाथकाकांची चिरलेली होडी, हाळी उजव्या हाताला ठेवण्याची रीत, उद्या येणारे बाबा. चंद्रप्रकाशनं ऐकलं, चष्मा पुसला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरेरे. मला कल्पनाच नव्हती. उद्या नाही वाजवणार. माझा शब्द आहे. जा, निर्धास्त झोप."

किती छान बोलला तो! परतीच्या तरीत तिघंही हसत होते. कोळीवाड्यात सांगितलं तेव्हा मोठी माणसंही हसली, आणि साहेबानं शब्द दिलाय म्हटल्यावर कुणी पुढे चौकशी केली नाही. सरूआत्याला मात्र ते पटलं नाही. पेटीत आवाज राहतो हे तिनं ट्रान्झिस्टरवर ऐकलं होतं, पण तो रेडिओवरच्या लोकांचा. आपला कसा राहील? ती कुशीवर वळून पडून राहिली.

अंथरुणात शिरल्यावर जयाला एकदम आठवलं की "माझा शब्द आहे" हे त्यानं कोणत्या आवाजात म्हटलं होतं. तोच मऊ, पाठीवर हात फिरवणारा आवाज. चंद्रतारा टॉर्चचा. तिची झोप उडाली.

सकाळी सहाला ती दगडावर गेली. अनंत आणि लवूलाही तिनं उठवून नेलं. धुकं कालच्यापेक्षा दाट होतं. हात लांब केला की बोटं दिसेनात. तिघंही पलीकडे कान लावून उभे राहिले.

"नाही वाजत," लवू म्हणाला. "तायडे, तू उगाच..."

"होऽऽ ये होऽऽ!"

पलीकडून. मढच्या खडकावरून.

धावत जाऊन जयानं तरीपाशी उभ्या धर्मामामाला हलवलं, पण त्यानं तरीची दोरी आणखी घट्ट बांधली. "या आवाजात मी वल्हं मारनार नाय, पोरी. टेप असू दे नायतर काय बी असू दे."

धाडस वगैरे जयाच्या मनात नव्हतं. बाबांच्या होडीखाली खडक येईल एवढंच मनात होतं. तिनं किनाऱ्यावरची छोटी होडी ढकलली.

"लवू, डबा घे. रिकामा रॉकेलचा. दगडावर बसून बडवत राहा. मी परत येईपर्यंत थांबायचं नाही."

"आणि मी?" अनंत म्हणाला. "माका पोहता येत नाय हां."

"मग बुडू नकोस. बस."

अनंत बसला. तोंडानं काहीतरी पुटपुटत होता, पण बसला. पुढे विक्रोळीला जाऊन त्यानं कितीही बढाया मारल्या तरी त्या त्याला माफ आहेत, कारण पोहता न येणाऱ्यानं त्या धुक्यात होडीत पाय ठेवणं सोपं नव्हतं.

चारी बाजूंना पांढरं. मागे लवूचा डबा, पुढे ती हाळी. ज्या आवाजाची भीती वाटत होती त्याच आवाजाकडे जयानं होडीचं तोंड धरलं, कारण वाट दाखवायला दुसरं काही नव्हतं. प्रत्येक हाळीला अंगावर काटा यायचा. दुसऱ्या हाळीमागून कोंबडा आरवला की अनंत दबक्या आवाजात त्याला शिव्या घालायचा. त्यानं थोडा धीर यायचा.

आणि मग डाव्या बाजूनं, समुद्राकडून, मशीनची धडधड ऐकू आली. जयाला ती ओळखायला पूर्ण ऐकावीही लागली नाही. तिसऱ्या ठोक्याला अडखळणारी मशीन सगळ्या वेसाव्यात एकच होती. धडधड थांबली. बाबांनी मशीन बंद केली होती. ते कान देत होते.

"ओढ, अनंत," जया म्हणाली. तिला रडू येत होतं. "दुसरं वल्हं ओढ."

होडी खडकाला घासून थांबली. वर मोटारीच्या बॅटऱ्या, त्यांना जोडलेला भोपळ्याएवढा कर्णा, बाजूला एक माईक, आणि टेपरेकॉर्डरपाशी कानांवर हेडफोन चढवून बसलेला खंडू. त्याला ना डबा ऐकू येत होता ना मशीन. जया ओरडत वर चढली तेव्हा त्यानं तोंडावर बोट ठेवून गप्प बसायची खूण केली. रेकॉर्डिंग चालू होतं ना!

अनंतनं खूण वगैरे पाहिली नाही. त्यानं समोर दिसली ती वायर दोन्ही हातांनी उपटली.

हाळी अर्ध्यावर तुटली. एकदम शांतता पसरली आणि त्या शांततेत, अगदी जवळून, खडकांच्या चुकीच्या बाजूनं, माणसं बोलताना ऐकू आली.

"हाळी बंद का झाली?"

"थांब. येईल परत. जरा पुढं घे."

खंडूनं हेडफोन काढला आणि ते ऐकलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आईशप्पथ," तो म्हणाला, "इथे होडी?"

"तो माईक लागतो का याला?" जयानं विचारलं. "लाव. लवकर!"

खंडू आणि चंद्रप्रकाश एकमेकांना सूचना द्यायला तो माईक वापरत. खंडूनं घाईघाईनं वायर जोडली. जयानं माईक तोंडाशी धरला.

"बाबाऽऽ! मी जया! पुढे येऊ नका, खडक आहेत!"

तिचा आवाज धुक्यातून केवढा तरी मोठा होऊन गेला. होडीतलं बोलणं बंद झालं. उत्तर आलं नाही.

मग जयाच्या लक्षात आलं. भर समुद्रात, खडकावरून, बारा वर्षांच्या पोरीचा आवाज येतोय. बाबा तिला घाबरले होते! ओळखीच्या आवाजात हाक आली की लगेच ओ द्यायची नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"बाबाऽऽ! मीच आहे!"

शांतता. पाणी खडकावर चुबूक चुबूक आपटत होतं. होडी न चालवताही भरतीबरोबर आत सरकत असणार, हे जयाला ठाऊक होतं. तिसऱ्या हाकेसाठी तिनं माईक उचलला आणि ती थांबली. खंडू पुटपुटला, "मोठ्यानं, मोठ्यानं बोल." पण मोठ्यानं बोलून काय होणार होतं? मोठा आवाज कर्ण्याचाही होता. खरी काळजी टेपमधल्या हाळीतही होती. टेपला एकच गोष्ट जमत नव्हती. समोरच्याचं तिला ऐकू येत नव्हतं.

"बाबाऽऽ," ती म्हणाली, "मला काहीतरी विचारा. काहीही विचारा. मी उत्तर देते."

मग धुक्यातून बाबांचा घोगरा, घाबरलेला आवाज आला.

"शिदोरीत काय बांधलंस?"

"जवळ्याची चटणी!"

"खारट कुनी केली?"

निघताना बाबांनी चटणी चाखून तोंड वाकडं केलं होतं आणि जयानं सरळ लवूकडे बोट दाखवलं होतं. लवू बिचारा त्याबद्दल बोलणी खाऊन बसला होता. आता कोळीवाडा, मढ आणि अख्खी खाडी ऐकत असताना, कर्ण्यातून, जया म्हणाली, "मी केली! लवूचं नाव खोटं घेतलं!"

आणि मग होडीत कुणीतरी खो खो हसलं.

"आमचीच गो ही," बाबा म्हणाले. "सांग पोरी, कंच्या अंगाला वळू?"

"लवू डबा वाजवतोय! तो उजव्या हाताला ठेवा! माझ्यापासून लांब जा, बाबा, लांब!"

मशीन धडधडली, तिसऱ्या ठोक्याला अडखळली, मागे गेली, वळली. आवाज हळूहळू डब्याकडे सरकत गेला. जया माईक धरून तशीच उभी होती. मग ती खाली बसली आणि तिचे दात वाजायला लागले. अनंतनं आपला स्वेटर काढून तिला दिला.

किनाऱ्यावरून चंद्रप्रकाश धावत आला तो चिडूनच. त्याच्या माईकनं सगळं टिपलं होतं, पहिल्या हाकेपासून शेवटच्या "लांब"पर्यंत. पण खडकाच्या कडेशी येताच त्याला होडीच्या मशीनच्या तेलाचा तवंग दिसला. खडकापासून दोन हातांवर. तो त्याकडे पाहत राहिला.

"मला वाटलं, आणखी एक सकाळ वाजवलं तर काय होतंय," तो म्हणाला. "चुकलं माझं."

या वेळी त्याचा आवाज मऊ नव्हता, दमदारही नव्हता. बारीक, थोडा किनरा होता. जयानं मान हलवली. हा आवाज तिला खरा वाटला.

दुपारी तो स्वतः टेपरेकॉर्डर घेऊन सरूआत्याच्या घरी आला. अख्खा कोळीवाडा दारात लोटला होता. त्यानं हाळी वाजवली. सरूआत्या आधी भिंतीला टेकून अंग चोरून बसली, मग हळूहळू पुढे सरकली, मग तिनं पेटीच्या मागे वाकून पाहिलं. कोंबडा आरवला तेव्हा तर ती हसू लागली, आवाज न होता, डोळे पुसत. "भूत नाय, कोंबडा हाय," ती फुसफुसली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिनं पेज मागितली. चंद्रप्रकाशनं सगळ्यांसमोर फीत पुसली. जयाच्या हाकांची फीतही पुसली. ती पुसताना त्याला फार जड गेलं, हे कुणालाही दिसत होतं. तशी जाहिरात त्याला पुन्हा मिळणार नव्हती.

बाबांनी जयाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ काढला नाही. अनंतच्या मावशीनं तिघांना खाजं दिलं. लवूला मात्र खाज्यापेक्षा चटणीचा न्याय मिळाल्याचा आनंद मोठा होता. तो दिवसभर ज्याला त्याला तेच सांगत हिंडला. रामनाथकाका तेवढे लांब उभे होते. मुलांचं कौतुक करायची त्यांना सवय नव्हती. शेवटी खाकरून ते बाबांना म्हणाले, "तुळशीदास, पोरीला कान हाय."

आठवड्यानं पुन्हा धुकं पडलं. सरूआत्याचा घसा अजून पुरता सुटला नव्हता. तिनं जयाचा हात धरून तिला दगडावर नेलं आणि स्वतः मागे बसली.

जयाला भीती वाटत होती, खूप. तिचा आवाज पातळ होता, सरूआत्यासारखा मुळीच नव्हता. धुक्यातल्या माणसांनी त्या आवाजावर का भरवसा ठेवावा? तिनं हाळी दिली. मशीन बंद झाल्याचं ऐकू आलं. मग रामनाथकाकांचा करडा आवाज.

"कोन गो?"

"जया. तुळशीदासची. सरूआत्या इथेच बसलीय माझ्यामागे."

मशीन पुन्हा सुरू झाली. आवाज जवळ येऊ लागला, तिला उजव्या हाताला ठेवून, सरळ आत.